रिम्मा रडली नाही

रिम्मा रशियातल्या वोलोग्दाची. क्लिफर्डशी लग्न करून ती इंग्लंडमधल्या आमच्या ग्रिम्सबीत आली, त्याला एकतीस वर्षं झाली. मार्चमध्ये क्लिफर्ड खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दफनाची तारीख अठराव्या दिवसाची मिळाली. तिच्या गावी माणसाला तिसऱ्या दिवशी पुरतात आणि बायका हंबरडा फोडतात. इथे ती अठरा दिवस त्याचे शर्ट इस्त्री करत राहिली.

दफनानंतर आम्ही शेजारीपाजारी तिच्या घरी जमलो. सँडविच, चहा, हवापाण्याच्या गप्पा. कुणीतरी क्लिफर्डचा जुना किस्सा सांगितला आणि सगळे हसले. मी तिचा हात धरून म्हणाले, "किती धीराने घेतेयस गं! अगदी आमच्यातलीच झालीस."

तेवढ्यात तिच्या धाकट्या बहिणीचा, तैसियाचा फोन आला. पलीकडून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, रडलीस का? नाही म्हटलं, तर म्हणे, दगड झालीस तू ताई, त्या इंग्रजांनी तुझं काळीज गोठवलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू, मॉरीन? तुला तो धीर वाटतो, तिला दगड वाटतो. मला काहीच वाटत नाहीये."

तिने फोन चालूच ठेवून ओट्यावर ठेवला. तैसिया त्यातून हमसून हमसून रडत होती. रिम्मा कप विसळत राहिली आणि मी ते पुसत राहिले.