हातात दे, फेकू नकोस

अमेरिकेत लेकीकडे आल्यापासून तिच्याबरोबर टीव्हीवर इथला, चेंडू हातात घेऊन खेळायचा फुटबॉल बघते. शनिवारी कॉलेजची पोरं खेळतात. ती बहुतेकदा चेंडू तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून पळत सुटतात. रविवारचे व्यावसायिक खेळाडू मात्र जास्त करून तो लांब फेकतात, तेही जिथे झेलणारा अजून पोचलेलाच नाही अशा जागी. मला आपली शनिवारची पोरंच आवडायची. आमच्या घरी वस्तू हातात द्यायची, फेकायची नाही, अशी शिस्त.

काल लेकीनं ओट्याजवळून संत्रं फेकलं. "आई, धर गं!"

मी ओरडणारच होते. पण संत्रं माझ्या ओंजळीत पडायच्या आधीच ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली होती. आईच्या हातून ते सुटेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ओरडायचं राहूनच गेलं.