मेगरचं हँडल

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, पण मालवणजवळच्या कट्टा गावातली ती चोरी आठवली की आजही अंगात तीच तरतरी येते.

तिथल्या एका निवृत्त मास्तरांना वीज तपासायची जुनी, हातात मावणारी मीटरं जमवायचा भारी नाद. खिशातल्या घड्याळाएवढे व्होल्टमीटर आणि वायरचं आवरण शाबूत आहे का ते पाहायचा, हँडल फिरवायचा एक मेगर. एके दिवशी कपाट रिकामं! कुलूप शाबूत. चावी कुठे असते हे फक्त मास्तरांना आणि घरकामाच्या बाईंना ठाऊक, असं मास्तरांचं म्हणणं. फिर्यादीत त्यांनी बाईंवर संशय घेतला. वाडीत बोभाटा झाला आणि बाकीच्या घरांनी तिचं काम बंद केलं.

मी तिला ठाण्यात बोलावलं, तर ती माझ्याच अंगावर आली. "सायबानू, मीटर चोरूचेच आसते तर इतकी वर्सा पुसत रवलंय आसतंय कित्याक?"

मला ते पटलं. पण पटून भागत नाही, पुरावा लागतो.

तेवढ्यात मालवणातल्या एका होमस्टेवाल्याचा फोन आला. हॉलच्या सजावटीसाठी कुणीतरी जुनी मीटरं विकायला येणार होता आणि चोरीची खबर होमस्टेवाल्याच्या कानावर होती. आम्ही साध्या वेशात बसलो आणि गोणपाटात बांधलेल्या मेगरसकट त्याला उचलला. जुन्या वस्तूंचा दलाल. ठाण्यात त्याचं एकच पालुपद. "भंगारवाल्याकडसून घेतलंय. गाठय सोडूक नाय. मीटरां आसत म्हणान त्येना सांगल्यान, चोरयेची आसत ता माका काय म्हायत?"

तासभर विचारलं, गडी हलेना. मी वैतागून गोणपाट सोडलं. आमच्या हवालदाराने कुतूहलाने दोन्ही वायरींची टोकं हातात धरली, मी हँडलला हात घातला. तोच दलाल खुर्चीतून उडाला.

"फिरवू नकात! त्येका शॉक बसतलो! काल माकाच बसलो, हात अजून झिणझिणता!"

हवालदाराने झटकन वायरी सोडल्या. मग मला हसूच आवरेना. गाठही न सोडलेल्या वस्तूचा शॉक! हवालदाराच्या काळजीने गड्याने स्वतःचंच भांडं फोडलं होतं. मग सगळं बाहेर आलं. तो संग्रह पाहायला गेला होता. कौतुक करणारा भेटल्यावर मास्तर हरखले आणि त्याच्यादेखतच चावी नेहमीच्या जागी ठेवून बसले. पुढे घरात कुणी नसताना त्याने ती चावी काढून कपाट रिकामं केलं आणि पुन्हा कुलूप लावलं. उरलेली मीटरं त्याने कसाल गावातल्या आपल्या खोलीतून काढून दिली. पंचांसमक्ष जप्त केली.

बाईंना बोलावून घेतलं, मास्तरही ठाण्यात आले. मीटरं पाहून त्यांचे डोळे भरले. बाईंपुढे चावी धरून म्हणाले, "बाये, चुकलंय. ही तुझ्याकडेच रवांदे."

बाईंनी हात पुढे केला नाही. "चावी मगे. आधी वाडयेत चला नि घराघरात सांगा."

मास्तरांनी मान खाली घातली आणि निघाले. मी दारात उभा राहून दोघांना जाताना पाहिलं आणि खरं सांगतो, ऊर भरून आला. पंचनाम्याने मीटरं परत मिळतात, पण बाईंचं नाव परत मिळवून द्यायचं माझ्या हातात नव्हतं. त्यासाठी फिर्यादीलाच दारोदार जावं लागलं.