रोज तीन मार्च

शर्टाच्या कॉलरच्या आत मानेला टोचणारी जी पट्टी असते, तिच्यावरची नक्षी कुणीतरी बसून काढलेली असते, हे बहुतेकांना मरेपर्यंत कळत नाही. आणि न कळल्याने कुणाचं काही अडतही नाही. चौकटकाकांनी उमेदीची सगळी वर्षं या पट्ट्यांत घालवली. शिंप्यांची नावं, कारखान्यांची नावं, नावाभोवतीची वेलबुट्टी. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या मानेवर या लेबलांनी पुरळ उठायचं. त्यामुळे घरात नवा शर्ट आला की बायको आधी कात्रीने लेबल उडवायची आणि मग बटणं तपासायची.

चौकट हे नाव त्यांना लेबलं विणणाऱ्या कारखान्याने दिलं होतं. लेबल विणायचं तर त्याची नक्षी चौकोनांत काढावी लागते. एक चौकोन म्हणजे एक धागा. काका हळूहळू सगळ्या जगाकडेच तसं पाहू लागले. मेव्हणीचं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "छान आहे, फक्त नाक दोन घरं डावीकडे गेलंय." मेव्हणी वर्षभर बोलत नव्हती.

कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा चौकट विणायच्या मागावर होते. कॉम्प्युटरसमोर बसण्याचा मान गेला मामांकडे. मामा म्हणजे थोरल्या मालकांचे मेव्हणे, आणि म्हणून अख्ख्या कारखान्याचे मामा. नक्षी काढायचा प्रोग्रॅम चाचणीपुरता आणला होता, महिनाभर फुकट. सुरुवातीलाच त्याने नाव विचारलं. मामांनी आपलं टाकलं. तारीख होती तीन मार्च. त्या महिन्यात मामांनी एक गुलाब काढला. विणून आला तेव्हा तो कोबी निघाला. मग मामांना विक्री विभागात पाठवलं. तिथे कोबीला गुलाब म्हणणं हेच काम होतं, आणि मामा त्यात चमकले.

खुर्चीवर चौकट आले, आणि दोन दिवसांत पडद्यावर पाटी आली: चाचणीची मुदत संपली आहे, कृपया प्रोग्रॅम विकत घ्यावा.

"विकत म्हणजे?" थोरले मालक म्हणाले. "कालपर्यंत तर चालत होता."

चौकटनी मशीनची तारीख मागे नेली. प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला. मग मशीन सुरू होताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या सूचनांत त्यांनी स्वतःच्या दोन ओळी घातल्या: सुरू झालास की तारीख तीन मार्च कर. तेव्हापासून त्या मशीनवर रोज तीन मार्चची सकाळ उजाडू लागली. बाहेर मुलं मोठी झाली, थोरले मालक गेले, धाकटे आले. आत तीन मार्च.

"हुशार आहेस," थोरले मालक तेव्हा म्हणाले होते. "आता त्याला हात लावू नकोस."

चौकटनी लावला नाही. प्रत्येक नक्षीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काढणाऱ्याचं नाव उमटायचं, आणि ते मामांचं असायचं. बदलायचं तर प्रोग्रॅम पुसून नव्याने बसवावा लागणार, आणि नव्याने बसवताना तो रुसला तर? चालत्या गाड्याला खीळ घालू नये. शिवाय कोपऱ्यातलं बारीक नाव वाचतो कोण?

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी कारखान्यातून फोन आला. कारखान्याची पन्नाशी भरत होती; प्रदर्शन होतं. जुना कॉम्प्युटर काचेच्या पेटीत चालता ठेवायचा होता, पडद्यावर त्या काळच्या नक्ष्या फिरत्या, खाली पितळी पाटी: नक्षीकाराचं नाव आणि काळ.

"पाटीवर काय लिहिणार आहेत?" बायकोने विचारलं.

"नक्षीकाराचं नाव."

"म्हणजे तुमचं."

"दुसरं कुणाचं असणार?" काका म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट मागितला.

मशीन जागं करायला एक पोरगी नेमली होती. जुनी यंत्रं चालती करून देणं हाच तिचा धंदा. जुन्या डिस्कने कधीच मान टाकली होती. पोरीने तिच्या जागी नखाएवढं कार्ड बसवलं होतं. कार्ड कोरं होतं.

"काका, या मशीनवर काय काय हवंच, ते सांगा. क्रमाने."

काकांनी घरून बिस्किटांचा डबा आणला होता. त्यात फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीला प्लास्टिकचं अंगडं. "आधी मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम. तो नसेल तर नक्षीवाला उघडतच नाही. मग माउसचा ड्रायव्हर. तो आधी घातला तर दोघं भांडतात."

"कोण दोघं?"

"मेमरीवाला आणि माउसवाला. जावा-जावांसारखं आहे त्यांचं, मोठीला आधी बसवायचं. मग फाइली दाबून लहान करणारा. नक्ष्या सगळ्या दाबूनच ठेवल्यात. मग व्हायरस शोधणारा."

"आता कुठले व्हायरस, काका? तो ओळखायचा तेही मेले असतील."

"असू दे. दारात कुत्रं म्हातारं झालं म्हणून कोणी हाकलत नाही." मग म्हणाले, "आता तारीख तीन मार्च कर. मग नक्षीवाला."

पोरीने कारण विचारलं. काकांनी दोन ओळींची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की चहा सांडता सांडता राहिला. "काका, तुम्ही तर चोर निघालात."

"नोकर होतो," काका म्हणाले, आणि त्या दोन ओळी नव्या कार्डावरही घातल्या.

प्रोग्रॅम बसू लागला. मधेच त्याने विचारलं: आपलं नाव? पोरीने कीबोर्ड काकांकडे सरकवला. काकांनी एकेक अक्षर दाबत आपलं पूर्ण नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट. प्रोग्रॅम काही रुसला नाही. पुढच्या क्षणी उघडला आणि कोऱ्या चौकोनांचा कागद समोर ठेवून उभा राहिला. त्याला तेव्हाही हरकत नसती. ज्याला घाबरून काकांनी अख्खी नोकरी काढली, तो असा गरीब गाईसारखा निघाला.

मग पोरीने फ्लॉप्यांतल्या जुन्या नक्ष्या उघडल्या. वेली, मुकुट, सिंह, जहाज, शिंप्याची कात्री. प्रत्येकीच्या कोपऱ्यात मामांचं नाव. प्रत्येकीची तारीख तीन मार्च.

"हे नव्या नावाने बदलत नाही का?"

"नाही," पोरगी म्हणाली. "काढताना जे उमटलं ते उमटलं." मग ओशाळून म्हणाली, "ऑफिसने त्यांच्याकडच्या फाइलींच्या प्रती वाचूनच पाटी करायला दिली, काका. काल आलीसुद्धा."

पाटीवर मामांचं नाव होतं. खाली त्या वर्षाचा मार्च महिना.

काका धाकट्या मालकांकडे गेले. धाकटे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यामुळे काम अवघड झालं.

"काका, मला ठाऊक आहे. पण तारखा अशा का, हे सांगावं लागेल ना? आता आपण त्याच कंपनीचा नवा प्रोग्रॅम वापरतो. त्यांचेच साहेब प्रमुख पाहुणे आहेत. त्यांच्यासमोर काय सांगू, की वडिलांनी इतकी वर्षं फुकटात चालवला?"

"मग तारीख लिहू नका. नाव तेवढं बदला."

"आणि पडद्यावर कोपऱ्यात मामांचं दिसतंय ते? मामांनाही कळवून झालंय. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या." मालकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तुमचं नाव आभारात घालू."

"काय म्हणून?"

"तांत्रिक साहाय्य."

काकांनी पाणी प्यायलं. नाही म्हणायची सवय लागायला वय कमी पडलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी पोहोचले. मशीन सुरू केलं, आपल्या त्या दोन ओळी पुसल्या आणि तारीख घातली, आजची. आयुष्यात पहिल्यांदा त्या मशीनला खरं काय ते सांगितलं. मग मशीन बंद करून खुर्ची ओढून मागच्या रांगेत बसले. पडदा उजळेल, मुदत संपल्याची पाटी येईल, पाहुणे वाचतील, विचारतील. कुणीतरी विचारील.

मामांचं भाषण झालं. "कलावंताला काळाचं भान नसतं," मामा म्हणाले. "तो महिना मी तहानभूक विसरलो होतो." टाळ्या झाल्या. यातलं तहानभुकेचं खोटं होतं. त्या महिन्यात मामांचा डबा दोनदा यायचा, हे काकांनी मागावरून पाहिलं होतं.

पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पाटी आली: चाचणीची मुदत संपली आहे, कृपया प्रोग्रॅम विकत घ्यावा.

मग पाहुणे मोठ्याने हसले. "वा, ही आमची जुनी पाटी. किती वर्षांनी पाहिली. मुद्दाम ठेवलीत वाटतं?"

"हो, मुद्दाम," मामा म्हणाले. लोक फोन काढून पाटीचे फोटो घेऊ लागले. मामा पाटीशेजारी उभे राहिले, चेहरा किंचित वर करून.

गर्दी चहाकडे वळल्यावर पोरगी पेटीशी गेली. तिला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. शिकवणारे काकाच होते. तिने हाताने तारीख मागे नेली. वेली फिरू लागल्या.

"काका, तुमच्या त्या दोन ओळी गेल्यात," ती हळूच म्हणाली. "परत घालू?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "राहू दे."

तिने ओळी घातल्या नाहीत आणि कुणाला काही सांगितलंही नाही. काकांच्या बाजूने त्या दिवशी झालेली एवढीच गोष्ट.

पुढच्या महिन्यात कारखान्यातून फोन आला. मशीन पुन्हा मुदत संपली म्हणतंय, पोरीचं काम संपलंय, तुम्ही येऊन बघता का? काका गेले, तारीख तीन मार्च केली, आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही गेले. पहारेकरी आता त्यांना नाव न विचारता आत सोडतो.

"दर महिन्याला काय खेटे घालता?" बायकोने नव्या शर्टाचं लेबल कापता कापता विचारलं. "एकदाच काय ते कायमचं करून टाका की. येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग?"

काकांनी मान खाजवली. "मग बोलावतील कशाला?"

बायकोने कापलेलं लेबल त्यांच्यासमोर धरलं. "हे तुमचं का?"

काकांनी चष्मा लावून पाहिलं. कडेच्या वेलीचं पान एक घर खाली होतं, मुद्दाम. सरळ विणलं असतं तर ते मेलेलं दिसलं असतं.

"मामांचं," ते म्हणाले, आणि शर्ट अंगात चढवला.