हिंदुरावांची पिवळी रेघ

दुसऱ्याने आवळलेला बोल्ट हिंदुराव खरा मानत नाहीत. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या शेवटच्या तपासणीवर त्यांचे केस पांढरे झाले. तिथली रीत अशी, की बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर पिवळ्या पेनाने एक रेघ ओढायची. रेघ सरळ, तर बोल्ट जागेवर. रेघ तुटली, तर कुणीतरी हात लावलाय. इतर लोक दुसऱ्याच्या आवळण्यावरही रेघ ओढून मोकळे होतात. हिंदुराव आधी बोल्ट ढिला करणार, स्वतः आवळणार आणि मगच पेन उघडणार.

हे खूळ त्यांनी चिंचवडच्या घरीही आणलं. कुकरचा दांडा, पंख्याचा रॉड, शेगडीचे पाय, सगळं पिवळं. त्यांची बायको विजयश्री म्हणते, "माझ्या कपाळावर पण ओढा एक. कुठं फिरले तर कळेल."

हिंदुराव हसत नाहीत. "माणसाच्या बोलण्यावरनं काय कळत न्हाई," एवढंच म्हणतात.

त्यांची मुलगी निशिगंधा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने वर्गातल्या दिग्विजयकडून त्याचा जुना लॅपटॉप विकत घेतला. थोडे दिवस बरे गेले, मग पडद्यावर पट्टे नाचायला लागले. झाकण जरा मागे केलं की अंधार, पुढे ओढलं की परत चित्र.

"गळ्यात मारला तुझ्या त्यानं," हिंदुराव म्हणाले.

"पप्पा, तो तसा नाहीये."

"कसा हाय ते कपाळावर लिहिलेलं असतंय व्हय?"

रोज जेवताना हेच. शेवटी निशिगंधाने दिग्विजयला फोनवर नको ते विचारलं आणि त्याने नको ते उत्तर दिलं. बोलणं बंद. दोघांचा प्रोजेक्ट मात्र एकच होता आणि शुक्रवारी तो परीक्षकांसमोर दोघांनी मिळून मांडायचा होता. दिग्विजयचा अर्धा भाग तिला एकटीला बोलता येणार नव्हता. तो शुक्रवारी येणार की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

बाप-लेक चिंचवड स्टेशनजवळ ज्योतीरामच्या दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. ज्योतीराम लातूरकडचा.

"पडदा चांगलाय काका. झाकण एका जागी धरलं की चित्र स्वच्छ. डिस्प्लेची केबल तेवढी गेलीय, बिजागरीपाशी. नवी मागवून ठेवलीय."

"फक्त केबल?"

"फक्त केबल."

हिंदुरावांचे डोळे बारीक झाले. पडदा गेला म्हणाला असता तर लबाड ठरला असता. फक्त केबल म्हणतोय, म्हणजे आतलं काहीतरी काढून घ्यायचा डाव असणार.

"माझ्यासमोर उघडा."

"बसा की. स्टूल घ्या."

"असं न्हवं. तुमचा हात आड येतोय."

"मग हाताशिवाय कसं उघडू काका?"

ज्योतीरामने लॅपटॉप पालथा करून खालचं झाकण काढलं आणि तो थांबला. आत जिकडे तिकडे पिवळ्या रेघा. बॅटरीच्या स्क्रूवर, छोट्या पंख्यावर, डिस्कवर.

"आत हळदीचा कार्यक्रम कुणी केलाय?"

निशिगंधा उठून उभी राहिली. "पप्पा! तुम्ही हा उघडला होता?"

"आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू कॉलेजला गेलीवतीस. बाहेरचा माल घरात घ्यायचा आन् तपासायचा न्हाई?" हिंदुरावांनी ज्योतीरामकडे रोखून बघितलं. "आता एक स्क्रू जरी इकडचा तिकडं झाला तरी कळंल मला."

ज्योतीरामने बॅटरीची जोडणी सोडवली आणि दिवा जवळ ओढला. "हे बघा. केबल ह्या खाचेतून जायला पाहिजे होती. इथं बिजागरीच्या पत्र्याखाली घालून वरून स्क्रू आवळलाय. झाकण उघडलं, मिटलं की चिरडायली."

"बघ! बघ निशे!" हिंदुराव जवळजवळ आनंदाने ओरडले. "म्हणत न्हवतो?"

निशिगंधा दिव्याखाली वाकली. त्या स्क्रूवरही पिवळी रेघ होती.

"पप्पा, ही कुणी ओढली?"

"मीच."

"स्वतः आवळल्याशिवाय तुम्ही रेघ ओढता?"

"कधीच न्हाई."

"मग ह्याच्याखाली केबल कुणी घातली?"

हिंदुरावांनी खिशातून चष्मा काढला. रेघ कुठे तुटलीय का, ते बघितलं. दुसऱ्या कुणी तसाच रंग लावलाय का, म्हणून नखाने खरवडून बघितलं. रेघ सरळ होती.

"माझीच हाय," शेवटी ते म्हणाले. "मागनं कुणी हात लावलेला न्हाई."

हिंदुरावांनी हात पुढे केला. "फोन लाव त्या पोराला. मी बोलतो."

निशिगंधाने फोन लावून स्पीकर चालू केला.

"दिग्विजय, मी निशिगंधाचा बाप. केबल माझ्या हातनं चेपली. तुझा काय दोष न्हाई."

"काका, निशीने सांगितलं का असं बोलायला? शुक्रवार आलाय म्हणून?"

"न्हाई रं. खरंच."

"काल मी फसवणारा होतो. आज एकदम खरंच?"

"पुरावा हाय. फोटो धाडू का?"

"फोटोत काहीही करता येतं. मी रावेतहून निघतोय. मी बघेपर्यंत काही हलवू नका."

निशिगंधाला वाटलं, आता पप्पा भडकणार.

"बरोबर हाय," हिंदुराव म्हणाले. "तसंच बघावं."

मग ते लॅपटॉपची राखण करत बसले. ज्योतीरामने पक्कड उचलली तरी दचकायचे. "हात लावायचा न्हाई. तो पंखा बंद करा, केबल हलतीय."

"काका, उकडायलंय!"

"उकडू द्या. पोरगा येऊ दे."

दिग्विजय आला तो हेल्मेटसकट आत शिरला. वाकून बघितलं. रेघेवर बोट फिरवून रंग ओला नाही ना, याचीही खात्री केली. मग त्याने हेल्मेट काढलं आणि निशिगंधाला विचारलं, "माझ्या स्लाइड्सचं काय केलंस?"

"कोऱ्याच ठेवल्यात. तुझं मी काय लिहिणार?"

"सरक जरा." तो हिंदुरावांनी सोडलेल्या स्टुलावर बसला आणि बॅगेतून कागद काढून तिला दाखवायला लागला.

"ज्योतीराम," हिंदुराव म्हणाले, "बदला आता केबल."

"तुम्ही कुठं निघालाव? समोर बसायचं होतं ना?"

"दाटी झालीय."

ते बाहेर जाऊन उभे राहिले. दाराच्या काचेवर धूळ होती. त्यांनी रुमाल काढला आणि आतलं नीट दिसेल एवढी जागा पुसून घेतली.