‘घरी जातोय’ची नोंद

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात कामाचा वेळ मोजायची सवय लावली ती माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने. तो सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा. नाशकात शिकला आणि इथेच प्रोग्रामर झाला. काळ्या स्क्रीनवर एक कमांड आणि कामाचं नाव टाइप केलं की वेळ सुरू, दुसरी कमांड दिली की बंद. सगळ्यांच्या नोंदी ऑफिसच्या एकाच सर्व्हरवर जमा व्हायच्या. तो मात्र चहाला जातानाही नोंद सुरू करायचा. आम्ही त्याला हसायचो.

भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, तो शुक्रवारी दुपारी गावी निघाला. बॅग खांद्याला अडकवून उभ्याउभ्याच काहीतरी टाइप केलं, “सोमवारी भेटू” म्हणाला आणि गेला. घाटात त्याची जीप उलटली. तो जागच्या जागी गेला.

अंत्यविधीहून परतल्यावर मी कोणाचं काय काम चालू आहे ते बघायची कमांड दिली. त्याच्या नावापुढे आलं : ‘घरी जातोय – चालू’.

साहेब हळूच म्हणाले, “बंद करून टाक.” मी कमांड टाइप केली, पण एंटर दाबवेना. पुढे सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. परत सुरू झाला, तर त्याची नोंद चालूच होती, मधला वेळही तिने मोजला होता. त्यात भुताटकी काही नाही. आत घड्याळ वगैरे फिरत नसतं. सुरुवातीची वेळ लिहिलेली असते, शेवटची नसते, एवढंच. हे सगळं कळत होतं, तरी शेजारच्या खुर्चीकडे माझी मान वळत नसे.

त्याचे वडील सामान न्यायला आले. त्याच्या खुर्चीत अवघडून बसले आणि म्हणाले, “तो काय काम करायचा, ते दाखव ना जरा.” मी दाखवत गेलो. ती ओळ त्यांनीच वाचली.

“मंजे, अजून चालू हाय?”

“हो, काका. बंद करायचं राहिलंय. करू का?”

त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “नको. राहू दे.”

त्यानंतर अधूनमधून त्यांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारायचे, “चालू हाय ना?” मी हो म्हणायचो. ते ऐकल्यावर त्यांचा आवाज सैल व्हायचा.

भात कापणीच्या सुमारास एकदा भर सकाळी फोन आला. आवाज वेगळाच होता.

“ते चालू हाय, हे मी घरात सांगायला नको होतं. त्याची आई रोज ताट वाढून ठेवती. म्हनती, तो निघालाय, रस्त्यात हाय. कोनाचं ऐकत नाय. बंद कर पोरा आता.”

“आत्ता?”

“आत्ताच. मी हाय फोनवर.”

मी कमांड टाइप केली. या वेळी एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं : ‘घरी जातोय – पूर्ण’.

“झालं?”

“झालं, काका.”

पलीकडे कोणीतरी बाई त्यांना पुन्हापुन्हा विचारत होती, “काय म्हनला? कुठवर आला?”

फोन ना त्यांनी ठेवला, ना मी.