राखणीची खोप

धाकले आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे पाठचे भाऊ. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर होतं आणि ओढ्याकाठी भाताचं शेत. मागितलं तर अंगावरची घोंगडी काढून देतील असा माणूस; सल्ले मात्र न मागता देत. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी घर आणि शेत माझ्या थोरल्या काकांच्या नावे करायचं ठरवलं. काका-काकूंनी त्या घरात राहायला यायचं आणि त्यांना शेवटपर्यंत सांभाळायचं.

असला शब्द गावच्या देवळात द्यायची आमची रीत. काकांनी देवापुढे नारळ ठेवला आणि बुधवंतानं, म्हणजे आमच्या गावप्रमुखानं, देवाला गाऱ्हाणं घातलं. मग सगळे सुप्याच्या सरकारी कचेरीत गेले. साक्षीला माझे वडील होते. बक्षीसपत्र लिहिणाऱ्या कारकुनानं विचारलं, "यांना याच घरात ठेवायचं, खाऊ-पिऊ घालायचं, हेही लिहू ना?"

धाकले आजोबा भडकले. "रगताच्या माणसाकडनं ह्ये लिवून घ्यायचं व्हय? द्येवाम्होरं बोलणं झालंय."

वडिलांनाही ते पटलं. कुणाला पटलं नसतं? लिहून घेणं म्हणजे आपल्याच माणसाला चोर म्हणणं, असं आम्ही मानायचो.

पहिली वर्षं बरी गेली. मग एका हंगामात भात पोसवलं आणि रानडुकरं शेतात शिरू लागली. राखणीला खोपीत कुणीतरी झोपायला लागायचंच, आणि ते काम बहुतेक घरांत म्हाताऱ्यांचं. काकूंनी वाकळ बांधून दिली. आजोबा आपणहून गेले.

कापणी झाली, मळणी झाली. गावातल्या सगळ्या खोपी मोडल्या. त्यांची तेवढी राहिली. काका म्हणाले, "घरात पोरांची गर्दी हाय, त्येंचा खोकला रातभर. तितं वारं बरं लागतंय." जेवण रोज पोचत होतं, त्यामुळे काकांना कुणी उघड बोलेना. मला त्यांचा अजून राग येतो.

वडिलांनी बुधवंताला विचारलं. तो म्हणाला, "तुमी सुप्याला जाऊन कागद क्येलासा. आता तितंच इचारा." सुप्यात कारकुनानं कागद वाचला आणि हात झटकले. "यात राहण्याबद्दल अक्षर नाही. शब्द देवळात दिलाय ना? मग गावालाच विचारा."

वडील परतले ते सरळ खोपीकडे. आमच्या घरी चला म्हणाले. आजोबा ऐकेनात. "भिंतीपल्याड माजं घर आसताना तुज्या घरात निजू? न्हाई रं. बलावतील त्ये." रोज संध्याकाळी ते वाकळ गुंडाळून बसत. बोलावणं आलं तर आपल्यामुळे उशीर नको, म्हणून.

थंडीत एका सकाळी ते खोपीतच मरून पडलेले सापडले. माणूस कुठेही मरो, त्याला शेवटचं न्यायचं ते त्याच्या घरातूनच, ही आमच्या घराण्याची रीत. काकूंनी पोरांना अंगणात काढलं, माजघर सारवलं आणि आजोबांना मधोमध निजवलं. काका ओक्साबोक्शी रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

माझी आई थोरल्या दिरासमोर कधी तोंड उघडत नसे. ती दारातून म्हणाली, "आता झाली व्हय जागा?"

तिरडीला बांबू कमी पडले, ते खोपीचेच मोडून आणले.