थायरॉइडची थाप

मी आज जिथे आहे तिथे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आणून सोडलं. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. तशी गरजही नाही; आमच्या तालुक्याच्या गावात नुसतं ‘बाई’ म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळतं. दहावीनंतर मी वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. एका रविवारी बाई दुकानात आल्या, लाकडी खोक्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणेपर्यंत मी इथून उठत नाही.” वडिलांनी तासाभरात हो म्हटलं. त्यांचं निम्मं गिऱ्हाईक बाईंचे आजी-माजी विद्यार्थी होते, आणि बाई बसलेल्या असताना दुकानात पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती. पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला त्या माझ्याबरोबर एसटीने आल्या. फॉर्म आधी स्वतः पेन्सिलीने भरला, मग माझ्याकडून त्यावर पेन फिरवून घेतलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

अशा बाईंशी मी खोटं बोललो. तेही तलकाडला, देवळाच्या वाटेवर, चपला हातात घेऊन.

त्याआधी माझ्या पोटाबद्दल सांगायला हवं. म्हैसूरला येऊन मला बारा वर्षं झाली. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनतात. ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी मी अख्खी पेटी परत पाठवतो. तर अशा माणसाचं वजन चार वर्षांत चौदा किलोंनी वाढलं, आणि का ते त्याला कळेना.

माझी बायको म्हैसूरचीच. तिचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे तिची मराठी अर्ध्या वाटेवर कन्नडला भेटून येते.

“अय्यो, ही पँट पण बसत नाही?” ती म्हणाली. “धोब्याने आटवली म्हणून सांगू नका मात्र. आपल्याकडे धोबीच नाही की ओ!”

कारखान्यात भाग बिघडला की आम्ही सगळ्या संभाव्य कारणांची यादी करतो आणि एकेक कारण खोडत जातो. मी घरीही तेच केलं. वही घेतली, रकाने आखले. इथला भात, डोशावरचं लोणी, तेल, ऑफिसातली खुर्ची, सगळ्यांवर संशय घेतला. भात अर्धा केला. गोड पूर्ण सोडलं, आणि म्हैसुरात राहून गोड सोडणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. रोज सकाळी येलवालच्या दिशेने चालायला लागलो. दोन महिन्यांनी वजन दीड किलोने वाढलं.

त्या वहीत सगळं होतं. नव्हती ती फक्त दारू. मी ती लपवली नव्हती. ती लिहायची असते हे सुचलंच नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळच्या रकान्यात रोज लिहिलेलं आहे: ‘भाजलेले शेंगदाणे, बावीस.’ शेंगदाणे मोजून लिहिले होते. ते कशाबरोबर खाल्ले, ते नव्हतं.

रोज संध्याकाळी आम्ही शेजाऱ्याच्या गच्चीवर बसायचो. तोही महाराष्ट्रातून आलेला, माझ्याच वयाचा, आणि प्रत्येक विषयावर त्याचं ठाम मत. “दारूने माणूस सुकतो,” तो सांगायचा. “जाडा दारुडा पाहिलायस कधी? तुझं काहीतरी हार्मोनचं आहे.” मला ते पटायचं, कारण ऐकताना माझ्या हातात ग्लास असायचा.

शिवाय आमच्याकडे एक मोठा पुरावा होता. आम्ही श्रावण पाळायचो. गटारीला पोटभर पिऊन घ्यायचं आणि मग महिनाभर थेंब नाही. जो महिनाभर सोडू शकतो तो दारुडा असूच शकत नाही, यावर आमचं एकमत होतं. एका वर्षी अधिक श्रावण आला तेव्हा दोन महिने पाळायचे की एक, यावर गच्चीवर मोठी सभा झाली. शेजाऱ्याने कॅलेंडर मांडीवर घेऊन निवाडा दिला, “व्रतं निजात असतात. अधिकात मोकळीक आहे.” इतक्या भक्तिभावाने मी आयुष्यात कुठलंही पंचांग ऐकलेलं नाही.

श्रावणाचा पहिला आठवडा मात्र वाईट जायचा. घाम यायचा, झोप उडायची, हात थरथरायचे. कारखान्यात मोजमापाचं काम मी सहकाऱ्याकडे द्यायचो आणि स्वतः कागद चाळत बसायचो. घरी आम्ही त्याला उपवासाचा अशक्तपणा म्हणायचो. महिनाभर साबुदाणा वडे आणि बटाट्याचे पापड खाऊनही माझं वजन चार किलोंनी उतरायचं. ते मी सात्त्विक अन्नाच्या नावावर जमा केलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बाई निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर दक्षिणेत आल्या आणि दोन दिवस आमच्याकडे उतरल्या. ते दोन दिवस बाटली स्कूटरच्या डिकीत राहिली आणि मला सारखं स्कूटर बघून येण्याची कामं निघाली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना तलकाडला नेलं. तिथली देवळं वाळूत गाडलेली. एका देवळाहून दुसऱ्याकडे वाळू तुडवतच जावं लागतं. बहात्तर वर्षांच्या बाई पदर खोचून पुढे, माझी बायको त्यांच्या मागे, आणि मी त्या दोघींच्या बराच मागे. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा बाई वळल्या.

“काय रे, लोहाराचा भाता झालाय तुझा. आणि हे पोट कधी आलं?”

“थायरॉइड आहे, बाई.”

हे कुठून आलं मला माहीत नाही. तपासणीसुद्धा केलेली नव्हती. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की वाळू थंड वाटली.

“औषध चालू आहे?” बाईंनी विचारलं.

“रिपोर्ट यायचाय. गोड सोडलंय.” निदान हे तरी खरं होतं.

“शाब्बास. पण एकट्याने काही सोडणं जड जातं.” बाई जरा विचार करून म्हणाल्या, “मी चहा सोडते. तुझा रिपोर्ट नीट आला की मग घेईन.”

बाईंचा चहा म्हणजे काय हे सांगायला हवं. शाळेच्या प्रयोगशाळेत एक चंचुपात्र खास त्यासाठी राखलेलं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर त्यात चहा उकळायचा. दिवसाचे सहा कप. ज्या तासाला आधी चहा झालेला नसे, त्या तासाला आम्ही श्वास बेताने घ्यायचो. अशा बाईंनी तलकाडच्या टपरीवर समोर आलेला वाफाळता ग्लास माझ्याकडे सरकवला आणि स्वतः ताक मागवलं.

परतताना भाड्याच्या गाडीत बाईंना डुलकी लागल्यावर बायको हळूच म्हणाली, “तुम्हाला थायरॉइड आहे म्हणून मला पण सांगायचं होतं की. कधी झालं? देवळाच्या आधी, का नंतर?”

त्यानंतर दर रविवारी बाईंचा फोन. “रिपोर्ट आला? माझा आज बारावा दिवस. सकाळी डोकं जरा धरतं, बाकी मजेत.” पुढच्या रविवारी एकोणिसावा. मी प्रत्येक वेळी लॅबला गर्दी असल्याचं सांगायचो. शेवटी मला एकच सरळ मार्ग दिसला: खरोखर थायरॉइड असणं. मी रक्त देऊन आलो आणि रिपोर्टची वाट अशी पाहिली जशी बारावीच्या निकालाचीही पाहिली नव्हती. थायरॉइड उत्तम निघाला. कागद हातात घेऊन मी इतका हिरमुसलो की समोरच्या डॉक्टर गोंधळल्या.

त्या माझ्याहून तरुण, इथल्याच. आमचं बोलणं कन्नड आणि इंग्रजीच्या मिसळीत झालं. मी ते मराठीत देतो.

“ड्रिंक्स घेता?”

“कधीतरी.”

“शेवटचं कधी?”

“काल.”

“त्याच्या आधी?”

“परवा.”

त्यांनी मान वर न करता विचारलं, “किती?”

“दोन.”

“दोन म्हणजे किती मिली?”

दिवसभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढणाऱ्या मला याचं उत्तर नव्हतं. “आज ओताल तसंच ओता आणि मोजा,” त्या म्हणाल्या. “एक म्हणजे तीस मिली.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी माझे नेहमीचे दोन पेग नेहमीच्या स्टीलच्या पेल्यात ओतले आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजले. शेजारी बायको मोठ्याने मोजत उभी. माझे दोन म्हणजे डॉक्टरांचे सहा निघाले.

“हे दोन?” ती म्हणाली. “आमच्या लग्नात पंगतीला सांबार वाढले तसे ओतता की ओ तुम्ही!”

मग आणखी रक्त, मग सोनोग्राफी. यकृतावर चरबी, यकृताचे आकडे वाढलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. दारूत साखरेपेक्षा जास्त उष्मांक असतात. शरीर आधी दारू जाळत बसतं आणि बाकीचं खाल्लेलं साठवून ठेवतं. वजन वाढण्याचं कोडं एवढंच होतं. पण वजन हा त्यातला लहान भाग. असंच चालू राहिलं तर यकृत कडक होत जातं, आणि एका टप्प्यानंतर ते मागे येत नाही. “तुमचं अजून येऊ शकतं,” त्या म्हणाल्या.

मी धीर करून माझा मोठा पुरावा काढला. म्हटलं, “पण मॅडम, श्रावणात मी महिनाभर एक थेंब घेत नाही.”

शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. “तेव्हा हात थरथरतात?”

“हो. उपवासाने.”

“उपवासाने नाही. रोजची सवय झालेल्या शरीराची दारू एकदम तोडली की असं होतं. काहींना फिट येते. काही त्यात जातात. तुम्ही दर वर्षी हा खेळ खेळून वाचलात. या वेळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गोळ्या देते, पहिले काही दिवस रोज येऊन दाखवायचं, आणि घरी कुणीतरी बरोबर राहील.”

दवाखान्यातून घरापर्यंत मी स्कूटर ढकलतच आणली. पेट्रोल होतं; चालवण्याचा भरवसा वाटेना. मी ज्याला प्रमाणपत्र समजत होतो तेच आजाराचं सगळ्यात स्पष्ट लक्षण निघालं होतं. शेजाऱ्याला हे सगळं सांगितलं. चार दिवसांनी त्याने डॉक्टरांचा नंबर मागितला.

रविवारी बाईंचा फोन आला. “चाळिसावा दिवस. काल एका लग्नात आल्याचा चहा होता. वास घेतला आणि उठले.” त्या हसल्या. मी पुन्हा लॅबच्या गर्दीचंच सांगितलं. फोन ठेवल्यावर बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

“तिकडे त्यांना चहा नाही आणि इकडे तुम्हाला थायरॉइड नाही. आता तुम्ही सांगता, का मी सांगू? मी सांगितलं तर भर रागात कन्नडमध्ये सांगेन, आणि त्यांना ते बरोबर समजेल.”

फोनवर बाईंचा आवाज ऐकला की मी पुन्हा नववीत जातो, म्हणून पत्र लिहिलं. तीन कागद फाडल्यावर हे राहिलं:

बाई, नमस्कार.

हे पत्र चहा घेऊन मग वाचा, असं पाकिटावर लिहिणार होतो. पण पोस्टमनने वाचलं असतं.

मला थायरॉइड नाही. कधीच नव्हता. तलकाडला मी तुमच्याशी खोटं बोललो. माझं वजन दारूने वाढलं आहे. मी गेली सहा-सात वर्षं रोज पितो, आणि दोन म्हणून सहा पितो. यकृताला सूज आहे. डॉक्टर म्हणतात, आता थांबलो तर भरून येईल. त्यांच्या देखरेखीखाली औषध चालू आहे. आज सतरावा दिवस. नवव्या दिवशी मी घेतली होती. ते डॉक्टरांना सांगितलं, बायकोला सांगितलं, तुम्हालाही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणापासून लपवायचं हा प्रश्न राहणार नाही.

तुम्ही माझ्यासाठी चाळीस दिवस चहा सोडलात, तो एका नसलेल्या आजारासाठी. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी पोटाची वाटत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल, पण चहा आजच सुरू करा. माझा रिपोर्ट नीट यायला वर्षही लागेल, आणि तोवर गावातली माणसं तुमच्यासमोर श्वास कसा घेतील?

सोबत म्हणून काही सोडायचंच असेल, तर तुम्हाला मुळात न आवडणारं एखादं काहीतरी सोडा. कारलं वगैरे. मला तेवढी सोबत पुरेल.

रविवारी फोन करा. रागवायचं असेल तरी करा. मी घरीच असेन. संध्याकाळी हल्ली मी घरीच असतो, आणि सात ते नऊ या वेळात काय करायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

तुमचा विद्यार्थी